लहान कृषि साधनांतील बॅटरीस पर्याय : सौर पॅनेल व महाधारित्र

शेतीमध्ये विजेवर चालणाऱ्या लहान साधनांचा वापर दिवसेंदिवस वाढत आहे. जमिनीतील ओल मोजणारा संवेदक, पानांवरील ओलावा टिपणारे यंत्र, स्वयंचलित पर्जन्यमापक, टाकीतील पाण्याची पातळी दाखविणारे उपकरण, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करणारे झटका यंत्र, विजेरी, फवारणी पंप अशी कितीतरी साधने आज शेतकऱ्यांच्या हाती आलेली आहेत. ही साधने परस्परांहून भिन्न असली तरी त्यांचे एक दुखणे समान आहे. ते म्हणजे त्यांतील बॅटरी.

द्राक्षबागेत पानांचा ओलावा टिपण्यासाठी बसविलेले यंत्र हे याचे चांगले उदाहरण होय. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट व घड बाहेर पडत असताना अवकाळी पाऊस झाला, किंवा पाने दवाने रात्रभर ओली राहिली, तर केवडा रोगाचे भय असते. पाने किती तास ओली होती हे कळल्यास फवारणी करावी की नाही व केव्हा करावी, याचा निर्णय बागायतदारास घेता येतो. नेमक्या अशाच रात्री यंत्रातील सेल उतरले, तर पहाटेची नोंद कोरी राहते. आपण बंद पडलो आहोत हे यंत्र स्वतः सांगू शकत नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘ओलावा नाही’ असा समज झाला तर फवारणी चुकते व घड हातचे जातात. उलट, भीतीपोटी फवारणी केली तर औषधाचा व मजुरीचा खर्च विनाकारण अंगावर पडतो. दोन सेलांची किंमत अल्प, परंतु त्यांच्या अभावी होणारे नुकसान सबंध हंगामाचे असते.

या अडचणीवर एक उपाय म्हणजे यंत्रास लहानसे सौर पॅनेल जोडणे आणि रात्रीपुरती वीज बॅटरीऐवजी महाधारित्रात साठविणे. बाजारात महाधारित्रास ‘सुपरकपॅसिटर’ या नावाने ओळखतात. हा उपाय काही साधनांस उत्तम लागू पडतो, तर काहींस मुळीच लागू पडत नाही. कोणत्या साधनास तो योग्य हे जाहिरातीवरून नव्हे, तर हिशेबाने ठरवावयाचे असते. तो हिशेब गुणाकार-भागाकार जाणणाऱ्या कोणासही करता येण्यासारखा आहे.

बॅटरी व धारित्र यांतील भेद

बॅटरीमध्ये वीज वीज म्हणून साठत नाही. बॅटरी भारित करताना तिच्यातील द्रव्यांत रासायनिक बदल घडतो, आणि वीज घेताना तो बदल उलट दिशेने होतो. या घडामोडीत थोडी झीज प्रत्येक वेळी होते. म्हणून काहीशे वेळा, आणि चांगल्या प्रतीच्या लिथियम बॅटरीत एक-दोन हजार वेळा भरून रिकामी केल्यावर बॅटरीची साठवणशक्ती घटू लागते. उष्णतेने ही झीज अधिक वेगाने होते.

धारित्र शेतकऱ्यांस अपरिचित नाही. घरातील पंख्यास किंवा सिंगल फेज मोटारीस असणारा ‘कंडेन्सर’ म्हणजेच धारित्र. यात रासायनिक बदल होत नाही. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवर परस्परविरुद्ध विद्युतभार केवळ गोळा होऊन राहतो व वाट मिळताच निघून जातो. रासायनिक झीज नसल्यामुळे धारित्र लाखो वेळा भरता व रिकामे करता येते.

मात्र साध्या धारित्राची साठवण फार थोडी असते. छताच्या पंख्यातील कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅराडचा असतो. अंगठ्याएवढ्या जाडीचे महाधारित्र १०० फॅराडचे मिळते, म्हणजे त्याची धारकता पंख्याच्या कंडेन्सरच्या चार कोटी पट झाली. एवढा फरक पडण्याचे कारण त्यातील कोळशात आहे. महाधारित्राच्या आत अतिसूक्ष्म छिद्रांचा क्रियाशील कोळसा असतो. असा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून तयार केला जातो. अशा एक ग्रॅम कोळशातील छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ दीड ते दोन हजार चौरस मीटर भरते. चिमूटभर कोळशात पंधरा ते वीस गुंठे जमीन सामावली आहे असे म्हटले तरी चालेल. शिवाय कोळसा व त्याभोवतीचा द्रव यांच्या सीमेवर समोरासमोर येणाऱ्या दोन भारांमधील अंतर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे, किंबहुना त्याहूनही कमी असते. क्षेत्र मोठे व अंतर लहान, यामुळे साठवण वाढते.

अशा दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५३ साली मांडली होती. कोळशाचा उपयोग करून धारित्र बनविण्याचे पहिले पेटंट अमेरिकेत १९५७ साली देण्यात आले, आणि १९७८ साली जपानी कंपनीने हे धारित्र संगणकाची स्मृती राखण्यासाठी बाजारात आणले. सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्या वेळी तो पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्केच प्रकाशाची वीज करीत असे. आजचे चांगले पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक प्रकाशाचे विजेत रूपांतर करते. म्हणूनच पत्त्याच्या पानाएवढे पॅनेल लहान यंत्रास पुरे पडू शकते.

विहीर आणि माठ

बॅटरीस विहिरीची उपमा दिली तर महाधारित्रास मातीच्या माठाची द्यावी लागेल. विहिरीत पाणी पुष्कळ, पण उपसा व भरती सावकाश. माठ क्षणात भरतो व क्षणात ओतता येतो. मात्र त्यात मावते थोडे, आणि तो पाझरतो.

मावते किती, याचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे. एक किलो वजनाच्या महाधारित्रात सुमारे ५ वॅट-तास ऊर्जा राहते. तेवढ्याच वजनाच्या शिसे-आम्ल बॅटरीत ३० ते ४०, तर लिथियम-आयन बॅटरीत १५० ते २५० वॅट-तास राहते. पाझर म्हणजे महाधारित्रातील अंतर्गत गळती. भरून ठेवलेली बॅटरी महिनोन् महिने साठा राखते, परंतु महाधारित्राचा साठा काही दिवसांत किंवा आठवड्यांत लक्षात येण्याइतका घटतो. ज्या साधनास दररोज प्रकाश मिळतो त्यास हा दोष फारसा बाधत नाही. कपाटात ठेवून प्रसंगी वापरावयाच्या विजेरीस मात्र तो घातक ठरतो.

हिशेब कसा करावा

ऊर्जा मोजण्याचे सोयीचे माप म्हणजे ज्यूल. एक वॅटचा दिवा एक सेकंद जळण्यास जेवढी ऊर्जा लागते ती एक ज्यूल. अशा ३,६०० ज्यूलांचा एक वॅट-तास होतो.

महाधारित्रातील ऊर्जा काढण्याची रीत अशी : विद्युतदाबास (व्होल्ट) त्याच आकड्याने गुणावे, आलेल्या गुणाकारास फॅराडच्या आकड्याने गुणावे व उत्तराचे निम्मे करावे. १०० फॅराडच्या धारित्राची कमाल मर्यादा बहुधा २.७ व्होल्ट असते. आयुष्य वाढावे म्हणून ते २.५ व्होल्टपर्यंतच भरावे. तेव्हा २.५ गुणिले २.५ म्हणजे ६.२५, त्यास १०० ने गुणून ६२५ व त्याचे निम्मे ३१२ ज्यूल. दाब निम्म्यावर, म्हणजे १.२५ व्होल्टवर येईपर्यंत यातील तीन चतुर्थांश ऊर्जा बाहेर येते. ती झाली सुमारे २३४ ज्यूल. यंत्रास लागणारा स्थिर दाब पुरविणाऱ्या मंडलात पाचवा हिस्सा खर्ची पडतो असे धरल्यास हाती सुमारे १९० ज्यूल राहतात.

तुलनेसाठी, एका चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे नऊ ते दहा हजार ज्यूल असतात. यावरून एका पेन्सिल सेलची बरोबरी करण्यास अशी पन्नास महाधारित्रे लागतील हे स्पष्ट होते. ‘बॅटरीइतकीच शक्ती’ असा दावा कोणी केल्यास हा आकडा स्मरणात ठेवावा.

आता द्राक्षबागेतील यंत्राचा खर्च पाहावा. समजा, हे यंत्र दर पंधरा मिनिटांनी जागे होते, पाच सेकंद मोजमाप करते, एक सेकंद बिनतारी संदेश पाठविते व पुन्हा झोपी जाते. मोजमापाच्या वेळी ३.३ व्होल्टवर २० मिलिअँपियर व संदेशाच्या वेळी ४० मिलिअँपियर प्रवाह लागत असेल, तर एका फेरीस सुमारे अर्धा ज्यूल, अधिक काटेकोरपणे ०.४६ ज्यूल, खर्च होतो. दिवसाच्या ९६ फेऱ्यांस ४४ ज्यूल होतात. झोपेतील खर्च सुमारे ३ ज्यूल. एकूण ४७ ज्यूल.

यात धारित्राची स्वतःची गळती मिळविली पाहिजे. ती ०.२ मिलिअँपियर धरल्यास दिवसाला सुमारे ४० ज्यूल होते. यंत्र जेवढे खाते जवळजवळ तेवढेच माठातून पाझरते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवे धारित्र काही दिवस सतत भारित राहिल्यावर गळती बरीच उतरते, तथापि हिशेब करताना जास्तीची गळती धरणेच शहाणपणाचे. म्हणजे दिवसाचा खर्च सुमारे ९० ज्यूल. हाती असलेले १९० ज्यूल पूर्ण काळोखात दोन दिवस पुरतात. चौदा तासांच्या दीर्घ रात्रीस सुमारे ५२ ज्यूल लागतात, म्हणजे रात्र निभावून साठ्याचा पाऊण हिस्सा शिल्लक राहतो.

ढगाळ दिवसाचे काय?

दोन दिवसांचा साठा म्हटल्यावर शेतकऱ्यास शंका येते की, आठ-आठ दिवस झड लागल्यावर काय करावे? याचे उत्तर पॅनेलच्या हिशेबात आहे.

अर्ध्या वॅटचे पॅनेल स्वच्छ दिवशी पूर्ण क्षमतेच्या पाच तासांइतके काम करते असे धरल्यास अडीच वॅट-तास, म्हणजे ९,००० ज्यूल मिळतात. धूळ, उष्णता, किरणांचा तिरपेपणा व मंडलातील घट यांसाठी निम्मे सोडून द्यावे. राहिले ४,५०० ज्यूल. दाट ढगांच्या अंधाऱ्या दिवशी याचा केवळ दहावा हिस्सा मिळाला तरी ते ४५० ज्यूल होतात, आणि यंत्राची गरज आहे ९० ज्यूलांची. गरजेच्या पाचपट वीज अंधाऱ्या दिवशीही मिळते! सूर्य ढगांआड असला तरी दिवस हा दिवसच असतो, प्रकाश संपूर्णपणे कधीच नाहीसा होत नाही. म्हणून साठा आठ दिवसांचा नव्हे, तर रात्रीचा व थोड्या शिलकीचा असला तरी भागते.

या पद्धतीचे सर्व रहस्य एवढ्यातच आहे : पॅनेल गरजेहून बरेच मोठे असावे, म्हणजे साठा लहान असून चालतो. बॅटरीच्या पद्धतीत साठा मोठा ठेवून पॅनेलची काटकसर करण्याचा प्रघात आहे. तो येथे सोडून द्यावा लागतो.

सौर कृषि पंपाचे तत्त्वही याहून निराळे नाही. २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतून बसविलेल्या स्वतंत्र सौर पंपांस सामान्यतः बॅटरी नसते. ऊन असेल तेव्हा पंप चालतो व पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठते. विजेऐवजी पाणी साठविले की बॅटरीचे काम उरत नाही. कोणत्याही साधनाबाबत प्रथम हाच प्रश्न विचारावा की, हे काम दिवसा उरकून त्याचे फळ साठविता येईल काय? येत असेल तर बॅटरीही नको व महाधारित्रही नको.

कोणत्या साधनास काय योग्य?

वरील रीतीने हिशेब केल्यास निरनिराळ्या साधनांविषयी पुढील निष्कर्ष निघतात.

१. पानांचा ओलावा, तापमान, आर्द्रता व पाऊस यांची दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद घेऊन जवळच्या केंद्राकडे कमी शक्तीचा संदेश पाठविणारी यंत्रे : सौर पॅनेल व महाधारित्र उत्तम. दोन पेन्सिल सेलांवर असे यंत्र कागदावर जेमतेम वर्षभर चालते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

२. जमिनीतील ओल तासातून एकदाच टिपणारा संवेदक : याचा खर्च दिवसाला १४ ज्यूलांच्या आसपास असतो. चांगले पेन्सिल सेल यास दोन-तीन वर्षे पुरू शकतात. यंत्र हाताशी असेल व सेल बदलणे सोपे असेल तर उगाच खर्च वाढवू नये.

३. मोबाइलच्या जाळ्यातून संदेश पाठविणारी यंत्रे : एका संदेशास तीस-पस्तीस ज्यूल सहज लागतात व क्षणभर दोन अँपियरपर्यंत प्रवाह ओढला जातो. येथे केवळ महाधारित्रावर भिस्त ठेवू नये. पुनर्भारित बॅटरी ठेवून तिच्या जोडीस महाधारित्र लावावे. क्षणिक ओढ धारित्र सोसते व बॅटरीवरील ताण कमी होतो.

४. विजेरी व घरातील दिवा : एक वॅटचा दिवा चार तास जळण्यास १४,४०० ज्यूल लागतात, म्हणजे वर सांगितल्यासारखी पाऊणशे महाधारित्रे. येथे लिथियम फॉस्फेट बॅटरीच योग्य. सायकलच्या डायनामोवरील दिव्यास मात्र लहान महाधारित्र शोभते. सायकल थांबली तरी दिवा काही मिनिटे तेवत राहतो.

५. किडींसाठी सौर प्रकाश सापळा : सायंकाळनंतर तीन-चार तास दिवा जळावा लागतो. बॅटरी आवश्यक.

६. झटका यंत्र : तारेत जाणारा प्रत्येक झटका यंत्रातील साध्या धारित्रातूनच बाहेर पडतो. परंतु असे हजारो झटके रात्रभर द्यावयाचे असल्यामुळे मागे बॅटरी हवीच. कुंपणास घरगुती वीज थेट जोडणे हा तर मनुष्यवधास कारण होणारा गुन्हा होय.

७. पाठीवरील फवारणी पंप : १२ व्होल्ट व ८ अँपियर-तासांच्या बॅटरीत साडेतीन लाख ज्यूलांच्या आसपास ऊर्जा असते. यास महाधारित्राचा पर्याय सुचविणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे.

थोडक्यात, जे साधन घोटाघोटाने पिते त्यास माठ पुरतो. जे पोटभर पिते त्यास विहीर हवी. बॅटरी व महाधारित्र यांच्या मधले ‘लिथियम-आयन धारित्र’ हेही आता मिळते. त्यात साठा अधिक व गळती फार कमी असते, परंतु ते २.२ व्होल्टच्या खाली जाऊ देता येत नाही. उजेड कमी असलेल्या जागी त्याचा विचार करावा.

उष्णता व आयुष्य

‘दहा लाख वेळा भरता येते’ हे महाधारित्राविषयीचे विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. किती वेळा भरले यापेक्षा ते किती उष्णतेत व किती दाबाखाली राहिले यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, आणि दाब ०.२ व्होल्टने कमी ठेवला की ते सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. बहुतेक महाधारित्रे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, ही बॅटरीच्या मानाने जमेची बाजू होय. तथापि विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात भर उन्हात टांगलेली काळी पेटी आतून फार तापते. म्हणून पेटी पांढरी असावी, ती पॅनेलच्या सावलीत बसवावी व तिच्या भोवती हवा खेळती राहावी. एवढ्याने यंत्राचे आयुष्य कितीतरी वाढते आणि त्यास पैसाही लागत नाही.

जोडणीतील दक्षता

महाधारित्र जोडताना पुढील गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये.

दाबाची मर्यादा : पाच-सहा व्होल्टचे पॅनेल २.७ व्होल्टच्या धारित्रास थेट जोडल्यास धारित्र फुगून निकामी होते. मध्ये दाब मर्यादित करणारे मंडल असलेच पाहिजे. दोन धारित्रे एकापुढे एक जोडल्यास दोहोंवरील दाब समान राखणारे मंडलही हवे, अन्यथा एकावर जास्त दाब येऊन ते आधी जाते व मागोमाग दुसरेही जाते.

उलटा प्रवाह : रात्री साठा पॅनेलमधून परत वाहून जाऊ नये म्हणून मध्ये डायोड असावा. दिवसभर चांगले चालणारे यंत्र रोज रात्री बंद पडत असेल तर प्रथम हा डायोड तपासावा.

धन व ऋण टोके : जोडणी उलटी होता कामा नये. ऋण टोक वेष्टनावरील खुणेने दाखविलेले असते.

पुन्हा सुरू होणे : साठा पूर्ण संपल्यावर सकाळी दाब हळूहळू चढतो. दाब पुरेसा होण्यापूर्वीच यंत्र जागे झाले तर जमलेली थोडी वीज खाऊन ते पुन्हा बंद पडते, आणि हा खेळ दुपारपर्यंत चालतो. म्हणून १.८ व्होल्ट झाल्यावरच सुरू व्हावे व १.२५ व्होल्टवर आपोआप बंद व्हावे, अशी योजना यंत्रात असावी. नोंदी वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत साठतात की नाही, हेही विचारून घ्यावे.

हाताळणी : भारित महाधारित्राची दोन टोके तारेने किंवा पक्कडीने जोडू नयेत. एकदम मोठा प्रवाह वाहून तार लाल होते व हात भाजतो. दुरुस्तीपूर्वी दहा ओहमचा, एक-दोन वॅटचा रोध टोकांस सुमारे तासभर जोडून ठेवावा व मग दाब मोजून खात्री करावी.

पॅनेल कोठे व कसे बसवावे?

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे व कल सुमारे वीस अंशांचा असावा. महाराष्ट्रात हा कल वर्षभर चालतो, शिवाय पावसाने काचेवरील धूळ धुऊन जाते. सावलीची मात्र फार काळजी घ्यावी. पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील एकावर पान पडले किंवा पक्ष्याची विष्ठा साचली तरी सबंध पॅनेलची वीज घटते.

पीक वाढते ही साधी गोष्टही विसरली जाते. जूनमध्ये उघड्यावर असलेले पॅनेल सप्टेंबरात उसाच्या किंवा तुरीच्या सावलीत सापडते. द्राक्षाच्या मांडवाखाली तर प्रकाश फारच थोडा असतो. म्हणून संवेदक पिकात व पॅनेल पिकाच्या पूर्ण वाढीहून उंच खांबावर, अशी रचना करावी. दर पंधरवड्यास ओल्या फडक्याने काच पुसावी.

साठ्याची परीक्षा

महाधारित्राचा एक मोठा गुण म्हणजे त्यातील साठा दाबावरून नेमका कळतो. साध्या मल्टिमीटरने सायंकाळी सूर्यास्तास व पहाटे सूर्योदयापूर्वी दाब मोजावा. २.५ व्होल्ट म्हणजे भरलेले, सुमारे १.८ व्होल्ट म्हणजे निम्मे, १.२५ व्होल्ट म्हणजे पाव.

सायंकाळी २.५ व पहाटे २.२ व्होल्टच्या वर असल्यास सर्व ठीक आहे. सायंकाळीच दाब कमी असल्यास पॅनेल, सावली किंवा जोडणी यांत दोष आहे. सायंकाळी पूर्ण व पहाटे १.८ च्या खाली असल्यास डायोड किंवा धारित्र सदोष आहे, अथवा यंत्र झोपी जात नाही. हे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. दोन वर्षांच्या नोंदींवरून धारित्र थकत चालले आहे काय, हे यंत्र बंद पडण्यापूर्वीच समजते. अशी पूर्वसूचना पेन्सिल सेल सहसा देत नाहीत.

निकामी घटांची विल्हेवाट

रानात फेकलेले सेल गंजून फुटतात व त्यांतील द्रव्ये मातीत उतरतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर ठेवण्यात आलेली आहे. म्हणून जुने सेल व बॅटऱ्या एका डब्यात साठवून विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्रावर द्याव्यात. महाधारित्रात जड धातू नसले तरी त्यातील द्रव ज्वालाग्राही व विषारी असू शकतो. ते फोडू नये, जाळू नये, विद्युत कचऱ्याबरोबर द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

नवे साधन गावात आले की त्याविषयी सल्ला विचारण्यासाठी लोक कार्यकर्त्याकडेच येतात. त्याने कोणत्याही एका पद्धतीची भलामण न करता शेतकऱ्यास चार प्रश्न विचारण्यास शिकवावे. साधन दिवसाला किती ज्यूल किंवा वॅट-तास घेते? एकदम मोठा प्रवाह लागतो काय? बसविण्याच्या जागी दररोज उजेड मिळतो काय? साठा संपला तर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते काय? या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याने लेखी दिल्याशिवाय खरेदी करू नये.

गावात एखाद्या बागेत असे यंत्र असल्यास त्याच्या शेजारी सेलवर चालणारे यंत्र ठेवून एक हंगाम दोहोंच्या नोंदी घ्याव्यात आणि त्या शिवारफेरीच्या वेळी सर्वांसमोर मांडाव्यात. शेजारच्या बागेतील वहीत लिहिलेला आकडा शेतकऱ्यास कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक पटतो.

समारोप

सौर पॅनेल व महाधारित्र हा बॅटरीचा सरसकट पर्याय नव्हे. थोडी वीज, वारंवार व दीर्घकाळ ज्यास हवी, आणि ज्यास रोज उजेड मिळतो, अशा साधनांपुरता मात्र तो उत्तम पर्याय आहे. पॅनेल सढळ, साठा बेताचा, पेटी थंड व नोंद नियमित ठेवली, तर दवाच्या रात्रीही यंत्र जागे राहील आणि पहाटे बागेत पाऊल ठेवणाऱ्या बागायतदारास फवारणीचा निर्णय अंदाजाने नव्हे, माहितीने घेता येईल.